चाकं काढलेली टोपली

प्रिय सूनबाई,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून, मांडीवर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन लिहिते आहे, आणि दर दोन ओळींनी उठते आहे. समोर तुझी लेक झोपली आहे. मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोऱ्यांपलीकडे, नेहमीच्या जागी. डोक्याला टोपरं, अंगावर दोन दुपटी, वर मच्छरदाणी, आणि नाक तेवढं लालबुंद. वारा आहे, पण बोचरा नाही. आत्ताच मानेमागे बोट घालून बघितलं, छान ऊब आहे. हात गार लागले तर घाबरायचं नाही, मान गार लागली तरच आत न्यायचं, हे मीच तुला शिकवलं होतं. आणि आता मीच हात, पाय, मान, कान, सगळं सारखं चाचपत बसते. बाईसाहेबांची झोप मोडत नाही हा त्यांचा मोठेपणा.

पत्राचं कारण तू लगेच विचारशील. ते सांगते, पण सावकाश. मी फोन केला की तुझी आई उचलते आणि तू नेमकी अंघोळीला गेलेली असतेस. इतक्या वेळा तर आपल्या लाँड्रीतल्या चादरीही पाण्यात जात नाहीत. तुझ्या आईला खोटं बोलायला जमत नाही गं, फार अवघडते बिचारी. म्हणून म्हटलं, लिहावं. पत्र निदान टेबलावर पडून राहतं आणि त्याला कुणी अंघोळीची सबब सांगत नाही.

थांब, आले. मांजर होतं. टोपलीच्या जवळसुद्धा आलं नव्हतं, भिंतीवरून आपल्या वाटेनं चाललं होतं, तरी मी चप्पल घेऊन धावले. शेजारच्या शिंपीणबाई खिडकीतून बघत होत्या. त्या म्हणाल्या, अहो, मांजराला तरी सुखानं चालू द्या. त्यांचंही बरोबर आहे. तू माहेरी गेल्यापासून या अंगणात मांजर, कावळा, टपाल घेऊन येणारा आणि मीटर बघायला येणारा, कुणालाच सुखानं चालता येत नाही. मी कधी एका जागी बसणारी नव्हतेच. तुझे सासरे म्हणायचे, हिला खुर्ची दिली तर ही खुर्चीच धुवायला टाकेल. पण पूर्वीची माझी धावपळ कामाची होती. आत्ताची कशाची आहे ते मला कळत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की बसावंसं वाटतं, आणि इस्त्रीच्या रोलरवर चादर घालताना तिची कड सरळ आहे का नाही हे मला दोनदा बघावं लागतं.

मी या घरात आले तेव्हा मुलांना बाहेर झोपवायची ही रीत बघून मला वाटलं होतं, काय माणसं म्हणायची ही! माझ्या माहेरी तान्ह्या मुलाच्या खोलीची खिडकीसुद्धा उघडत नसत. इथं माझ्या सासूबाईंनी माझा मुलगा, म्हणजे तुझा नवरा, महिनाभराचाही झाला नव्हता तेव्हा कपड्यांच्या चाकांच्या टोपलीत घातला आणि ती टोपली ढकलत सरळ अंगणात नेली. थंडीचे दिवस. मी मागून रडत धावले. त्या म्हणाल्या, आत काय आहे ते जरा डोळे उघडून बघ. आत वाफ होती, सोड्याचा वास होता, मशीन धडधडत होती आणि मी स्वतः घामानं निथळत होते. मूल बाहेर गेलं ते जे झोपलं, ते थेट दूध पाहिजे तेव्हाच उठलं. अंगावरचं घामोळं चार दिवसांत गेलं. पुढे बाळांचे डॉक्टरही म्हणाले, नीट गुंडाळा, उन्हाच्या तिरिपेत ठेवू नका, तोंडावर पांघरूण येऊ देऊ नका, बाकी हवा चांगलीच. तरी कितीतरी दिवस मी दाराशी जाऊन जाऊन बघायचे आणि सासूबाई म्हणायच्या, तू बघितल्यानं तो जास्त झोपणार आहे का?

तुझं तसं नव्हतं. तू रडत मागून धावली नाहीस. बँकेत काम केलेली मुलगी, तू आधी डॉक्टरांना विचारून आलीस, मग मच्छरदाणीला कमान आणि दोरी लावलीस, मग सूर्य कुठल्या वेळी कुठे येतो ते बघून टोपलीची जागा ठरवलीस. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, ही माझ्यापेक्षा वरचढ निघाली. तोंडावर म्हटलं नाही, कारण सासू आहे, थोडा आब ठेवावा लागतो. आज लिहून देते. तू माझ्यापेक्षा वरचढ होतीस.

होतीस नाही, आहेस. खोडते आहे, पण खोडलेलं दिसू दे.

आता घरची बातमी. तुझ्या नवऱ्यानं टोपलीची चाकं काढली, हे त्यानं तुला फोनवर सांगितलं नसेल. तो काही सांगतच नाही. पाना घेऊन बसला आणि चारही चाकं काढून माळ्यावर टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी. आता ती टोपली उचलायला दोन माणसं लागतात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जो हाताशी सापडेल तो. परवा कुणी नव्हतं म्हणून दवाखान्याच्या चादरी मोजायला आलेल्या वॉर्डबॉयनं हात दिला. खाली विटा रचल्या आहेत आणि त्यावर टोपली ठेवतो. आपल्या कांजीमावशी, त्या तर काय, अभ्र्यांना कांजी करता करता डोक्यालाही करून घेतात. त्यांनी टोपलीच्या कडेला लाल, पिवळ्या, निळ्या, घरात असतील नसतील त्या सगळ्या फिती बांधल्या आणि वर एक घंटा लावली. म्हणे, हलली की वाजेल. हलली की वाजते हे खरं, पण हलवणारी आतली बाई असते. ती कूस बदलते, घंटा वाजते, त्यानं ती दचकून उठते, रडते, त्यानं घंटा आणखी वाजते आणि सगळी लाँड्री हातातलं टाकून अंगणात. दोन दिवस मी सहन केलं, मग घंटा काढली. मावशी माझ्याशी बोलत नाहीत.

मधे तुझ्या नवऱ्यानं फर्मान काढलं की यापुढे ती आतच झोपेल. बरं म्हटलं. वरच्या खोलीत झोपवलं, खिडकी लावली, पंखा लावला. खालून रोलरचा हादरा, भिंतीतून वाफेची ऊब. ती झोपेना. मांडीवर झोपेना, खांद्यावर झोपेना, रडून रडून तिचा आवाज बसला आणि आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आले. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, आई, बाहेर ने तिला. तोच म्हणाला, मी नाही. टोपलीत ठेवल्या ठेवल्या तिनं एक मोठा सुस्कारा टाकला, बघ, एखाद्या दमून घरी आलेल्या बाईसारखा, आणि झोपली. तो तिथंच उभा होता. मी त्याला म्हटलं, तुझी बायको असती तर तिनं हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. तो गेला आणि चांगल्या चालत्या मशीनचा पट्टा बदलत बसला.

उठली. बाकीचं उद्या लिहीन.

आज वारा जास्त आहे. ओल्या चादरी दोऱ्यांवर फडफडताहेत आणि प्रत्येक फडफडीला माझं मान वर करणं चालू आहे. तुला तिच्याबद्दल काही सांगावं की सांगू नये, हे मला कळत नव्हतं. तू विचारत नाहीस म्हणजे तुला ऐकायचं नाही असं तुझ्या नवऱ्याला वाटतं. मला तसं वाटत नाही. तेव्हा ऐक. खालचे दोन दात आलेत. बाटली आता स्वतः धरते, म्हणजे धरायला बघते आणि नाकात घालते. पालथी पडते, पण उताणं होता येत नाही, मग हत्तीसारखी ओरडते. मच्छरदाणी मुठीत धरून ओढते. टोपलीत पाय लांब केले की टाच कडेला लागते. महिन्या-दीड महिन्यात या टोपलीत मावणार नाही, मग अंगणात दुसरं काहीतरी बघावं लागेल. आणि काउंटरवर कुणी बाईमाणूस आलं, आवाज जरा मोठा असला, की ती मान वळवून दाराकडे बघते. मग परत फिरवते. रडत नाही. रडली असती तर मला परवडलं असतं.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही. घरात सगळे त्याची गोष्ट करून सांगतात. आपला भोंगा, जो गाडी चालवतो कमी आणि हॉर्न वाजवतो जास्त, तो तर गिऱ्हाइकांनाही सांगतो. वसतिगृहात कपडे मोजून घेणाऱ्या बाईंचा फोन कसा आला, त्या कशा म्हणाल्या, तुमच्या अभ्र्यांमध्ये एक बाळ आलंय, हे धुतलेलं आहे का धुवायचं आहे? आणि सगळे हसतात. मीही एकदा हसले. मग मला तू दिसलीस, आणि हसू तोंडातच राहिलं. त्या गोष्टीत सगळे असतात, फक्त तू नसतेस. म्हणून मला जे दिसलं ते मी लिहिते.

रंगीत फिती तुझ्याच. त्याआधी आम्ही चादरीचा तोंडवळा बघून ओळखायचो, ही दवाखान्याची, ही हॉटेलची, आणि महिन्यातून एकदा तरी हॉटेलात दवाखान्याचं झबलं जायचं. तू आलीस, वसतिगृहाला पिवळी फीत, दवाखान्याला निळी, हॉटेलला लाल असं ठरवलंस आणि गोंधळ संपला. त्या दिवशी एक मशीन बंद होती, गाडी दारात उभी होती आणि भोंगा हॉर्नवर बसल्यासारखा वाजवत होता. तू दात येणाऱ्या पोरीला घेऊन कित्येक रात्री बसून काढल्या होत्यास. ऊन तिरपं येत होतं म्हणून तिच्या टोपलीच्या मुठींवर तू पांढरी चादर ताणून घातली होतीस, आणि अभ्र्यांची टोपलीही तशीच, तेवढीच, पांढऱ्या चादरीखाली शेजारी उभी होती. तू त्यातल्या एकीला पिवळी फीत बांधलीस आणि ढकलत नेऊन गाडीत चढवून दिलीस. खाली चादरींची गादी, वर सहा महिन्यांचं मूल, वजन सारखंच. आणि ती झोपलेली. ती बाहेर किती गाढ झोपते, ते आपल्याला माहीत आहे.

मी रोलरवर होते. दारातून अंगण दिसतं. तू नेहमीसारखी मधेच गेलीस, मानेमागे बोट घालून बघायला, चादर उचललीस, आणि तशीच उभी राहिलीस. मला वाटलं, झोपलेल्या लेकीकडे बघते आहे. ओरडली असतीस तर मी लगेच आले असते. तू ओरडली नाहीस. मी आले तेव्हा तू इस्त्रीचे अभ्रे एकेक करून बाहेर काढत होतीस, नीट घडी न मोडता, एकावर एक ठेवत, तळापर्यंत. ते अभ्रे मला अजून दिसतात.

पुढचं सगळं धावाधाव. भोंग्याला फोन लागतो, पण त्याच्याच हॉर्नमध्ये त्याला ऐकू येत नाही. तुझा नवरा स्कूटर घेऊन निघाला तो हॉटेलकडे, कारण त्याला वाटलं लाल फीत. कांजीमावशी भिंतीला टेकून खालीच बसल्या. मग वसतिगृहातल्या बाईंचा तो फोन. त्यांनी तिला टोपलीतून काढलंसुद्धा नव्हतं, झोपली आहे तर झोपू दे म्हणून शेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या. भोंगा तिला घेऊन परत आला तेव्हा सबंध रस्त्यात त्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही. त्यानं ती तुझ्यापुढे धरली, आणि तू दोन्ही हात मागे घेतलेस, हात मळलेल्या मुलीसारखे. तू म्हणालीस, आई, तुम्ही घ्या, माझ्या हातात नको. मला वाटलं, धक्का बसला आहे, संध्याकाळपर्यंत घेईल. संध्याकाळी घेतली नाहीस. दूध काढून वाटीत दिलंस. मग तेही आटलं. आणि मग तू बॅग भरलीस आणि दारात मला म्हणालीस, मी नसले की ती जास्त सुखरूप राहील.

सगळे तुला सांगतात, काही झालं नाही ना, मग विसर. मी तसं म्हणणार नाही. झालं. गाडीचं दार आपटलं असतं, वर आणखी टोपली ठेवली असती, चादर तोंडावर सरकली असती. हे सगळं तुला एकटीलाच दिसतं असं समजू नकोस, मलाही रोज दिसतं. म्हणून तर मी या बादलीवर बसले आहे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, मी तर पाणीही फुंकते आहे. तू लांब राहून घाबरतेस आणि मी जवळ बसून, एवढाच आपल्यात फरक.

पण काल पत्र बाजूला ठेवल्यावर, तिच्या दुसऱ्या झोपेला, काय झालं ते ऐक. मी इथंच होते. हात लांब केला तर टोपलीला लागेल इतकी जवळ. डोळ्यात तेल घालून तिच्याकडेच बघत होते, लिहीतही नव्हते. वाऱ्याची एक झुळूक आली, दोरीवरची चिमट्यांची अख्खी रांग सुटली आणि ओली डबल चादर सरळ टोपलीवर येऊन पडली. माझ्या डोळ्यांदेखत. मी बघतच होते, आणि चादर पडली. झडप घालून काढली, काही झालेलं नव्हतं, मच्छरदाणीच्या कमानीनं पेललं होतं. ती जागी झाली आणि मला बघून हसली, तिला तो खेळ वाटला. बादलीवर बसून मी रडले, अगदी मोठ्यानं, शिंपीणबाईंनी खिडकी लावून घेतली इतकी. मग शांत झाल्यावर पहिली तू आठवलीस. त्या दिवशी चूक तुझ्याकडून झाली, आणि ती चूक सापडलीही तुलाच. आम्ही सगळे होतो ना तिथं, एवढी माणसं. कुणाच्या लक्षात आलं? गाडी सुटल्यावर हातातलं काम टाकून, बोटभर ऊब तपासायला अंगणात कोण गेलं? मला विचारशील तर, या लेकरासाठी तुझ्यापेक्षा जागा माणूस या घरात दुसरा नाही. मी म्हातारी झाले म्हणून हे म्हणत नाही. आणि तुला बरं वाटावं म्हणूनही म्हणत नाही, तुला बरं वाटेल असं बोलायची मला सवय नाही हे तुला ठाऊक आहे.

आता जे लिहायचं ते अवघड आहे, कारण आपलेच दात आणि आपलेच ओठ. माझी लेक, तुझी नणंद, तिच्या घरी मूल नाही. किती वर्षं ती दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत होती ते तू पाहिलं आहेस. आता तिनं ते सोडून दिलं. मागच्या आठवड्यात ती आली, हिला मांडीवर घेऊन बसली आणि उठेचना. जाताना तिनं तुझ्या नवऱ्याशी काय बोलणं केलं ते मला परवा रात्री जेवताना कळलं. वर्षभर बाळ माझ्याकडे राहू दे म्हणाली. लाँड्रीत वाफ, धावपळ, तुम्हा दोघांची ही अशी अवस्था, माझ्याकडे शांत खोली आहे, मी दिवसभर घरी असते. तिनं पाळणासुद्धा आणून ठेवला आहे. यात तिचं काय चुकलं? काही नाही. मी तिची आई आहे, तिच्या मांडीवर मूल बघून मला काय वाटलं ते मी कुणाला सांगू? आणि तुझा नवरा म्हणाला की त्यानं तुला फोनवर विचारलं, तू म्हणालीस, न्या, तिकडे सुखात राहील. इतकंच म्हणालीस म्हणे, आणि फोन ठेवलास. त्याचं जेवण तसंच राहिलं.

मला आधी वाटलं, सांगावं, ती बंद खोलीत झोपत नाही. पण ते खरं नाही गं. चार-आठ दिवस रडेल, मग तिला त्या खोलीची सवय होईल. मुलांना कशाचीही सवय होते. हा वारा नसण्याची होईल, ही धडधड नसण्याची होईल, आणि वर्ष सरता सरता तुझ्याशिवाय राहायचीही होईल. मग तू बरी होऊन आणायला जाशील तेव्हा ती माझ्या लेकीच्या पदराआडून तुझ्याकडे बघेल, आणि माझी लेक कुठल्या हातांनी तिला सोडवून देईल? एक वर्ष म्हणता म्हणता तुम्ही दोघी एकमेकींच्या आयुष्यातून उठाल. आणि मी कुणाची बाजू घेऊ, सांग. मला दोघी पाहिजेत. म्हणून आजच माझ्या लेकीला हे सांगायला हवं, उद्या नाही.

तिला नाही, आधी तुला. म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी ती बाळाला न्यायला येणार आहे. तू शनिवारी ये. हे मी कुणाला विचारलेलं नाही, तुझ्या नवऱ्यालाही नाही. दुपारची जेवणं झाली की मी रोजच्यासारखी तिला अंगणात झोपवीन आणि इथं बसेन. पुढच्या दारानं येऊ नकोस, काउंटरवर सगळे तुझ्याभोवती जमतील आणि रडारड करतील, बोळातून मागच्या बाजूनं ये. आल्यावर मला काही सांगू नकोस, माफी मागू नकोस, पाया पडू नकोस, मला ते जमणार नाही. फक्त या बादलीवर बस. तू बसलीस की मी उठून आत जाईन आणि दार लावून घेईन. इतके दिवस पापणी न लवता पहारा केलेली मी, त्या दुपारी बाहेर बघणार नाही. खिडकीतूनही नाही, फटीतूनही नाही, आणि कांजीमावशींनाही बघू देणार नाही. ती उठेल तेव्हा रडेल. रोज रडते, भूक लागलेली असते. बाटली भरून कट्ट्यावर ठेवलेली असेल. ती कितीही रडली, तरी मी दार उघडणार नाही आणि घरातलं दुसरं कुणीही उघडणार नाही. तिला तुलाच उचलावं लागेल.

तुझीच,
सासूबाई